२३ मिनिटांत काहीच होत नाही, मग ऐकायचं काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही कागलच्या एमआयडीसीत कामाला आहात. मित्रानं डोकं खाल्लं म्हणून पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'मेडल' हा १९७१ चा अल्बम तुम्ही कंपनीच्या बसमध्ये, इअरबड लावून तीनदा ऐकलात. पहिलं गाणं बरं वाटलं, मधली आली-गेली, आणि शेवटच्या, २३ मिनिटांच्या 'एकोज'नं दोनदा झोपवलं. तिसऱ्यांदा तुम्हीच वैतागून बंद केलं. 'यात काहीच होत नाही' हे तुमचं वाक्य. पुढे विचारताय की साठवलेल्या वीस हजारांत रेकॉर्ड प्लेअर घेतला तर फरक पडेल का, आणि असलं संगीत गांजा मारल्याशिवाय कळत नाही म्हणतात ते खरं का.

ते वाक्य वाचून मला हसू आलं, पण तुमच्यावर नाही. १९७१ च्या सुरुवातीला गिल्मोर, वॉटर्स, राइट आणि मेसन ही बँडची चौकडी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत शिरली तेव्हा हातात एकही तयार गाणं नव्हतं. सुचेल ते वाजवायचं, टेपवर घ्यायचं, असं चाललं होतं. त्या तुकड्यांना त्यांनी नाव दिलं 'नथिंग, भाग १ ते २४'. 'काहीच नाही', तेही चोवीस वेळा. त्यातले तुकडे जोडत जोडत 'एकोज' उभं राहिलं. तेव्हा तुमची तक्रार बँडला आधीपासून मान्यच आहे म्हणा.

मी गाणारा-वाजवणारा नाही. तीस-बत्तीस वर्षं ॲम्प्लिफायर, डेक, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करतोय, आणि मधली बरीच वर्षं नाटकांना, सभांना साऊंड लावलाय. माझं उत्तर सोल्डरिंग गनवाल्याचं आहे. संगीत शिकलेला माणूस वेगळं सांगेल आणि तेही बरोबर असेल.

माझ्या मते तुमची अडचण कानाची नाही आणि यंत्राची तर त्याहून नाही. तुम्ही गाण्यात काहीतरी घडायची वाट बघताय. आपण सगळे सिनेमाच्या गाण्यांवर वाढलो. मुखडा, अंतरा, परत मुखडा, चार मिनिटांत हिशेब चुकता. 'एकोज' त्या हिशेबानं ऐकलं तर पहिली तीन मिनिटं नुसती वाट बघण्यातच जातात, कारण शब्द तिथून पुढे सुरू होतात. या संगीतात घडतं ते अंतर. कुठला आवाज जवळ आहे, कुठला लांब, कोण पुढे येतंय, कोण मागे सरकतंय.

हे नुसतं शब्दांनी पटणार नाही, म्हणून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर चला. पाटाकडील आणि दिलबहारची फुटबॉल मॅच आहे आणि तुम्ही एका गोलच्या मागे बसलाय. पलीकडच्या गोलकीपरनं बॉल मारला. पाय हललेला दिसतो, आणि 'धप्प' नंतर ऐकू येतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरला साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. डोळे मिटले तरी आजूबाजूला आपटून आवाज किती उशिरा परत येतो आणि किती बोथट झालाय त्यावरून कान लांबी ओळखतात. मोठ्या सभेला मागे लावलेल्या स्पीकरचा आवाज आम्ही मुद्दाम थोडा उशिरा सोडतो. नाहीतर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या पायात येतात आणि वक्ता तोतरा वाटतो.

आता हीच गोष्ट उलटी करा. माणूस जवळच आहे, पण त्याचा आवाज उशिरानं परत परत ऐकवला, तर कानाला वाटतं आजूबाजूला प्रचंड मोकळी जागा आहे. असल्या संगीताला स्पेस रॉक म्हणतात, त्यातली 'स्पेस' माझ्या दुकानातून बघितली तर एवढीच. रॉकेट आणि ग्रह-तारे बऱ्याचदा वेष्टनावर असतात. पिंक फ्लॉइडकडे त्यासाठी बिन्सन या इटालियन कंपनीची एकोरेक नावाची पेटी होती. आत एक चुंबकीय चकती फिरते. एक हेड आवाज नोंदवतं आणि पुढे थोड्या थोड्या अंतरावर बसवलेली चार हेडं तोच आवाज उचलून परत ऐकवतात. सर्वात लांबचा उशीर साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा. बरोबर या गोलपासून त्या गोलपर्यंत!

म्हणून सुरुवात 'एकोज'पासून नका करू. तुम्हाला आवडलेलं पहिलं गाणं घ्या, 'वन ऑफ दीज डेज'. आधी वारा, मग बेस गिटार. ती एक नाही, दोन आहेत. एक वॉटर्सची आणि एक गिल्मोरची, आणि दोन्ही त्या एकोच्या, म्हणजे प्रतिध्वनीच्या पेटीतून आलेल्या. एक एका कानात, दुसरी दुसऱ्या. त्यातल्या एका बेसच्या तारा जुन्या झाल्या होत्या, त्यामुळे तिचा आवाज मेलेला, ठोकळ्यासारखा येतो. आता आधी एक इअरबड काढून ऐका, मग दुसरा. कुठल्या कानात जुन्या तारा आहेत ते शोधा. मी सांगणार नाही. (मध्ये जो राक्षसी आवाज एकच ओळ बोलतो तो ड्रमवाला मेसन. टेपचा वेग कमी करून त्याला राक्षस केलाय.)

हे बसमध्ये होणार नाही. बसच्या इंजिनाची घरघर आणि बेस गिटार ऐकू येण्याच्या एकाच पट्टीत बसतात, आणि त्यात इंजिन जिंकतं. तीन वेळा तुम्ही 'मेडल' नाही ऐकलात, बस ऐकलीत. फोनच्या स्पीकरवर तर दोन्ही बेस एकत्र होऊन नुसता भुंगा राहतो.

आता वीस हजारांचं. रेकॉर्ड प्लेअर घेऊ नका. हौस म्हणून घ्यायचा तर घ्या, पण या कामासाठी नको. दुकानात सूटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर येतात, त्यांची सुई रेकॉर्डवर पाय रोवून चालते. 'एकोज' या रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू खातं. साडेतेवीस मिनिटं बसवायची म्हणजे चर दाटीवाटीनं कापावे लागतात आणि आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते. शिवाय रेकॉर्डच्या मध्याकडे जावं तसा चराचा घेर लहान होतो आणि सुईला बारीक वळणं झेपत नाहीत. गाण्याचा शेवटचा, सर्वात नाजूक भाग नेमका तिथे येतो. चांगल्या प्लेअरवर चालून जातं, सूटकेसवर तिथं आवाज फाटतो. दीड-दोन हजारांचा कान झाकणारा वायरचा हेडफोन घ्या आणि बास. फोनमधलं बेस बूस्ट, थ्रीडी साऊंड वगैरे सगळं बंद करा. ते चालू असलं की इंजिनिअरनं मेहनतीनं ठेवलेलं लांब-जवळ फोन आपल्या मनानं हलवतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. घरात चार माणसं आणि टीव्ही असेल तर हेडफोनला पर्याय नाही. स्वतंत्र खोली आणि दोन बरे स्पीकर असतील तर मी स्पीकरच सांगेन. हेडफोनमध्ये सगळं डोक्यात वाजतं, स्पीकरवर खोलीत. आणि सकाळी सहाची शिफ्ट असेल तर झोप येणारच. तो दोष ना तुमचा ना राइटचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी ऐका.

माझंच एक सांगतो. कॉलेजात असताना हा अल्बम मला एका मित्राच्या भावानं कॅसेटवर भरून दिला होता. सी-नव्वद कॅसेट, एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला दुसरा. सी-नव्वदची एक बाजू ४५ मिनिटांची आणि 'मेडल' पावणेसत्तेचाळीसचा. शेवटी आवाज वर वर चढायला लागला की डेक खटकन थांबायचा. चार-पाच वर्षं मी समजत होतो की गाणं असंच तोडलंय, आणि लोकांना सांगायचोही, 'बघा, काय धाडस आहे, वरच्या टोकाला नेऊन सोडून देतात.' मग ताराबाई पार्कातल्या एका जुन्या बंगल्यातून बेल्ट तुटलेला प्लेअर दुरुस्तीला आला आणि त्याच्याबरोबर तपासायला म्हणून हीच रेकॉर्ड. नवा बेल्ट बसवून दुसरी बाजू लावली आणि दुसऱ्या कामाला लागलो. खटका यायची वेळ झाली आणि आलाच नाही. चढणारा आवाज चढतच राहिला, मग पातळ होत होत वाऱ्यात विरला. हातातली सोल्डरिंग गन तशीच तापत राहिली. गिऱ्हाईक येऊन उभं होतं, तेही मला दिसलं नाही.

तो शेवट कसा केलाय ते यंत्रवाल्याला जास्त रुचतं. खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन टेप रेकॉर्डर. एक वाजवतो ते दुसरा नोंदवतो, दुसरा वाजवतो ते पहिला परत नोंदवतो, आणि मधल्या हवेत आवाजावर आवाजाची पुटं चढतात. ऐकताना वाटतं माणसांचा समूह गातोय आणि सूर वर वर जातोय, पण पोचत कुठेच नाही.

तर 'एकोज' ऐकायचं कसं? एकच माणूस धरा: रिचर्ड राइट, कीबोर्डवाला. बाकी तिघांना सोडून द्या. पहिला 'टिंग' त्याचा आहे, पियानोचा एकच सूर, लेस्ली स्पीकरमधून काढलेला. लेस्ली म्हणजे लाकडी कपाट, आत भोंगा गोल फिरतो. जत्रेतल्या आकाशपाळण्याला कर्णा बांधला तर आवाज जसा तोंडावर येईल आणि पाठ फिरवेल, तसं. म्हणून तो टिंग कोरडा वाटत नाही, ओला वाटतो. व्हॉल्यूम इथे ठरवू नका. टिंग हळू आहे म्हणून वाढवाल आणि पुढे कान बधिर होतील. शब्द सुरू झाले की ठरवा, मग मागे जाऊन पहिल्यापासून लावा.

माझ्याकडे दुकानात येऊन बसणारे एक तबलजी आहेत. अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात असलं परदेशी रडगाणं ऐकतो म्हणून मला शिव्या घालणारे. एकदा त्यांना बळंच बसवलं. टिंग ऐकल्याबरोबर त्यांनी फोनमधला तानपुरा काढला, दोन-तीन पट्ट्या फिरवल्या आणि म्हणाले, 'गाणं काळी एकचं आहे, आणि हा तुझा टिंग कोमल निषाद. षड्जावर येतच नाही लेकाचा, म्हणून जीव टांगणीला लागतो.' हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मी आपला स्पीकर बघत बसलो होतो.

त्यांनी आणखी एक फोड केली, ती तुमच्या कामाची आहे. साधारण सातव्या मिनिटापासून अकराव्यापर्यंत ताल एकदम ठसक्यात येतो आणि तेच ते चालू राहतं. बहुतेक लोक कंटाळतात ते इथे. तबलजींनी मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, 'हा लेहरा आहे रे.' तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियम एकच चाल धरून बसते, कारण ती ऐकायची नसते, तिच्या आधारानं तबला ऐकायचा असतो. इथे बेस आणि ड्रम लेहरा धरतात, आणि वरती गिल्मोरची गिटार आणि राइटचा ऑर्गन बोलतात. बेस ऐकत राहिलात तर कंटाळा हमखास. वरचे दोघं ऐका.

एवढ्यावरून हे आपल्या ख्यालासारखंच आहे असं मात्र कुणी सांगायला लागलं तर हसून सोडून द्या. तबलजी पुढचा अर्धा तास 'सम कुठाय' म्हणून भांडत होते, आणि भांडण रास्त होतं. ख्यालात गवई त्या क्षणी ठरवतो. हे स्टुडिओत महिनोन्महिने टेप कापून, जोडून, एका स्टुडिओतून दुसऱ्यात नेऊन केलेलं काम आहे. ॲबी रोडला तेव्हा आठच ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे नोंदवायला टेपवर आठच पट्ट्या मिळत होत्या, म्हणून सोळा ट्रॅकच्या मशीनसाठी ही मंडळी दुसरीकडे गेली. हे सुताराचं काम समजा. कौतुक सांध्यांचं करायचं.

अकराव्या मिनिटानंतर लेहरा विरतो आणि ताल सुटतो. वारा, कावळ्यांसारखी काव काव, आणि त्यावर एक किंकाळी. पक्षी म्हणा, देवमासा म्हणा. ती गिल्मोरची गिटार आहे. वा-वा पेडल म्हणजे पायानं दाबून गिटारचा आवाज बदलायचं यंत्र. त्याला गिटारची वायर जिथं लावायची तिथं ॲम्प्लिफायरची लावली आणि ॲम्प्लिफायरच्या जागी गिटारची, की पेडल असं किंचाळतं. माझ्याकडे पोरं असला पेडल 'खराब झाला' म्हणून आणतात. मी वायरी बदलून परत देतो, पैसे घेत नाही.

या भागाला लोक अंतराळ म्हणतात. मला तिथं पाणी ऐकू येतं, आणि शब्दही माझ्या बाजूनं आहेत. गाण्याच्या सुरुवातीलाच हवेत स्थिर लटकलेला अल्बाट्रॉस पक्षी आहे आणि लाटांच्या खाली प्रवाळाच्या गुहा. अल्बमच्या कव्हरवर पाण्याखालचा कान आहे. लहानपणी पंचगंगेत बुडी मारली असेल तर आठवा: कुणी पाण्यात दगडावर दगड आपटला की तो आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे कळतच नाही, थेट डोक्यात वाजतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, त्यामुळे कानाचा दिशेचा हिशेबच मोडतो. आतापर्यंत लांब-जवळ ओळखायला शिकलेला तुमचा कान इथे मुद्दाम हरवलाय. घाबरल्यासारखं झालं तर बरोबर ऐकताय. आणि पंखा बंद ठेवा. मी एकदा या भागात पंख्याचा आवाज नको म्हणून उठलो, बटणाला हात लावला, तर पंखा बंदच होता.

तिथून साधारण पंधराव्या मिनिटाला टिंग परत येतो. तेवढ्यासाठी झोपायचं नाही. सुरुवातीचे टिंग नीट ऐकले असतील तरच या टिंगची किंमत कळते. तुम्ही दोनदा त्याच्या आधीच झोपलात, म्हणून 'काहीच होत नाही'.

अल्बममधलं बाकीचं पटकन. 'फिअरलेस' सोडू नका. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींचं मैदानातलं समूहगान मिसळलंय, आणि गंमत म्हणजे वॉटर्स स्वतः आर्सेनलवाला. ते हजारोंचं एकाच सुरात, थोडं मागेपुढे गाणं म्हणजेही एकोच आहे, पेटीशिवायचा. लांब बसलेल्यांचा सूर उशिरा पोचतो. 'सॅन ट्रोपे' उन्हात बसून ऐकायचं हलकं गाणं. 'शेमस'मध्ये कुत्रा रडतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. अख्खा अल्बम निर्दोष आहे म्हणणाऱ्याला 'शेमस' दहा वेळा ऐकायला लावा.

गांजाचं म्हणाल तर नाही, लागत नाही. नशेत कुकरची शिटीही थोर वाटते, त्यात अल्बमचं काय कौतुक? सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांसारखं, हा शब्द त्या बँडला चिकटला तो मुख्यतः पहिला गायक-गिटारवाला सिड बॅरेट याच्या काळातून, आणि तो १९६८ मध्येच बँडमधून गेला होता. 'मेडल' हे जागं राहून, घड्याळ लावून केलेलं काम आहे आणि जागेपणीच त्याचे सांधे दिसतात.

चार-पाच वेळा ऐकून झाल्यावर, त्याआधी नाही, पॉम्पेच्या रिकाम्या रोमन रंगमंडलात १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये चित्रित केलेली त्यांची फिल्म बघा. 'एकोज' तिथे दोन भागांत आहे, आणि कुठला आवाज कुणाच्या हातातून निघतो ते दिसतं. आधी बघितलंत तर कान डोळ्यांच्या मागे लागतील. त्यानंतरही भूक राहिली तर हॉकविंड या बँडचा १९७३ चा 'स्पेस रिच्युअल' घ्या. ते लोक पोकळी ठेवत नाहीत, गच्च भरतात. कट्टर मंडळी खरा स्पेस रॉक तोच म्हणतात, आणि दणका पाहिजे असेल तर तुम्हाला कदाचित तोच जास्त मानवेल.

राइट २००८ मध्ये गेला. गिल्मोरनं त्यानंतर 'एकोज' कार्यक्रमात घेतलं नाही. मेसन मात्र आता स्वतःच्या बँडबरोबर ते वाजवतो.

रविवारी दुपारी ऐकून इथेच लिहा. आवडलं की नाही ते राहू द्या. जुन्या तारांचा बेस कुठल्या कानात आहे तेवढं लिहा.